बंद रेल्वे बोगद्याचा सायकल ट्रॅक करायचाय? मग मोहीम अशी चालवा

यूकेत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना सायकलचा नाद आहे त्यांनी हे बघितलंच असेल, इथे गावामागून कुठूनतरी जुनी रेल्वे लाईन गेलेली असते, रूळ कधीच उचललेले, दगडी पूल अजून उभे, आणि डोंगर आला की झाडीत लपलेलं बोगद्याचं तोंड, त्याला लोखंडी गेट आणि कुलूप. १९६० च्या दशकात बीचिंग रिपोर्टनंतर (तोट्यातल्या लाईन बंद करा असं सांगणारा अहवाल) हजारो मैल लाईन बंद झाल्या, काही त्याच्या आधीच झाल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर आज मस्त सायकल ट्रॅक आहेत, कारण वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपायचा नाही, त्यामुळे रेल्वेचा रस्ता मुळातच सपाट काढलेला असतो. पण बोगदा आला की ट्रॅक थांबतो आणि तुम्ही मुकाट्याने डोंगर चढायला लागता.

मी यॉर्कशायरमध्ये हॅलिफॅक्स बाजूला राहते. इथून सायकलवर ब्रॅडफर्डला जायचं तर ए-६४७ वरून क्वीन्सबरी चढून जावं लागतं, गाव सव्वातीनशे मीटरच्या वर, बाजूने ट्रक घासून जातात, वारा समोरून. आणि त्याच डोंगराच्या पोटात २,२८७ मीटर लांबीचा क्वीन्सबरी बोगदा आहे, १८७८ मध्ये सुरू झालेला, १९५६ मध्ये बंद पडलेला, चढ फक्त शंभराला एक. तो वाचवायला क्वीन्सबरी टनेल सोसायटी वर्षानुवर्षं लढली. तसंच बाथचं टू टनेल्स, वेल्समधला ऱ्होंडा, डर्बीशायरचा मोन्साल ट्रेल, या सगळ्यांकडून शिकण्यासारखं भरपूर आहे, ते एका जागी मांडते म्हणजे तुमच्या भागात असा बोगदा असेल तर सुरुवात कुठून करायची ते कळेल.

सगळ्यात आधी: बुजवू देऊ नका

बहुतेक लोक पहिल्या मीटिंगलाच ट्रॅकची रुंदी आणि दिवे कसे असावेत यावर बोलायला लागतात. थांबा. तुमचं पहिलं ध्येय सायकल ट्रॅक नाहीये, पहिलं ध्येय म्हणजे बोगदा आहे तसा टिकवणं. ट्रॅक दहा वर्षं उशिरा झाला तरी होतो, पण आत काँक्रीट ओतलं किंवा शाफ्टमधून (डोंगरावरून बोगद्यात उतरणाऱ्या उभ्या विहिरीतून) भराव टाकला की विषय संपला.

हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये. कंब्रियात ग्रेट मसग्रेव्ह नावाच्या गावात १८६० च्या दशकातल्या लाईनवरचा एक दगडी पूल होता, दोन हेरिटेज रेल्वे जोडायच्या तर गाडी त्याच्याच खालून जाणार होती. २०२१ मध्ये हायवेज इंग्लंड या सरकारी रस्ते कंपनीने त्याच्या कमानीखाली भराव आणि काँक्रीट टाकून तो बंद केला, तेही तातडीच्या कामासाठी असलेल्या अधिकारात, म्हणजे आधी प्लॅनिंग परवानगी न घेता. लोक खवळले, शेकडो हरकती गेल्या, २०२२ मध्ये ईडन जिल्हा कौन्सिलने नंतर मागितलेली परवानगी नाकारली आणि शेवटी तो सगळा भराव काढावा लागला. पुलाचं निदान उकरून काढता आलं. बोगद्यात दोन-तीनशे मीटर भराव गेला तर तो उकरायला कोण पैसे देणार?

म्हणून कौन्सिलच्या प्लॅनिंग पोर्टलवर त्या जागेसाठी ईमेल अलर्ट लावून ठेवा, आजच. आणि बोगद्याच्या तोंडाजवळ राहणाऱ्या एखाद्या घराशी ओळख करा, म्हणजे मशिनरी आली, तात्पुरता रस्ता टाकला, कुंपण घातलं की तुम्हाला त्याच दिवशी फोन येईल.

मालक कोण ते शोधा

ब्रिटिश रेल्वेची उरलेली जुनी बांधकामं, तीन हजारांच्या वर पूल-बोगदे-व्हायाडक्ट (दरी ओलांडणारे लांब कमानींचे पूल), आज हिस्टॉरिकल रेल्वेज इस्टेट नावाखाली आहेत. मालकी ट्रान्सपोर्ट खात्याची, सांभाळायचं काम २०१३ पासून हायवेज एजन्सीकडे, जी पुढे हायवेज इंग्लंड झाली आणि आता तिचं नाव नॅशनल हायवेज आहे. म्हणजे ज्यांचं मुख्य काम मोटरवे, त्यांच्याकडे तुमचा बोगदा. त्यांना दिलेलं काम धोका कमी करण्याचं आहे, भविष्यात कोणी सायकल चालवेल का हे बघण्याचं नाही. हे लक्षात ठेवलंत की त्यांची पत्रं वाचताना डोकं शांत राहतं.

पण बोगदा एकाचा आणि तोंडापुढची जमीन दुसऱ्याची असं सर्रास असतं. लाईन बंद झाल्यावर बोगद्याबाहेरचे खोदलेले चर शेतकऱ्यांना, कंपन्यांना, कौन्सिलला विकले गेले, काहींत चक्क कचरा भरून सपाट मैदान झालं. ऱ्होंडाची तर दोन्ही तोंडं मातीखाली गाडली गेलीत. तेव्हा लँड रजिस्ट्रीतून दोन्ही तोंडांच्या, शाफ्टवरच्या आणि जोडणाऱ्या पट्ट्याच्या प्रत्येक तुकड्याचा उतारा काढा, एकेकाला थोडेच पौंड पडतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे फुकट बघता येतात, जुना आणि आजचा शेजारीशेजारी लावून लाईन कुठून जायची ते पेन्सिलीने काढा. या सगळ्याचा एक रंगवलेला नकाशा बनवा, कोणता तुकडा कोणाचा. पुढच्या प्रत्येक मीटिंगला तो नकाशा टेबलावर असला पाहिजे.

आत जाऊ नका

हे मोठ्या बहिणीसारखं सांगते. गेटच्या फटीतून शिरून व्हिडिओ काढणारे भरपूर आहेत, तुम्ही त्यातले होऊ नका. एक म्हणजे खरंच जीव जातो, आत विटांचं अस्तर सुटलेलं असतं, पाण्याखाली खड्डे, काही ठिकाणी हवा खराब. आणि दुसरं, तुमच्या ग्रुपचा एक माणूस जरी बेकायदा आत सापडला तरी समोरचा अधिकारी पुढची पाच वर्षं तेच उगाळत बसेल. आतलं बघायचंय तर मालकाकडे रीतसर भेट मागा, हेल्मेट-गॅस डिटेक्टर-सोबतीला त्यांचा माणूस असं सगळं करून. नाही मिळाली तरी हरकत नाही, कारण आतली माहिती कागदांत असते.

कागद मागवा, आणि नेमके मागवा

फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट २००० खाली कोणीही मागू शकतं, वीस कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखंच. पण "बोगद्याबद्दल सगळी माहिती द्या" असं लिहिलंत तर खर्चाची मर्यादा ओलांडली म्हणून नकार येईल. एका अर्जात एक-दोन गोष्टीच मागा. गेल्या दहा वर्षांचे तपासणी अहवाल फोटोसकट, दुसऱ्या अर्जात दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज आणि त्याची ओळीगणिक फोड, तिसऱ्यात बुजवण्याच्या पर्यायाचा खर्च कसा काढला ते, चौथ्यात आजूबाजूच्या जमिनीचे भाडेकरार आणि पंपाची कागदपत्रं.

भाडेकरार कशाला, असं वाटेल. क्वीन्सबरीचंच बघा. बोगदा उत्तरेकडून हॅलिफॅक्सच्या बाजूला उतरत येतो, म्हणजे डोंगरातून झिरपलेलं पाणी सगळं दक्षिण टोकाला जमतं. पूर्वी ते समोरच्या चरातून वाहून जायचं, पण तो चर नंतर भरून टाकला, मग पाणी जाणार कुठे? म्हणून तिथे पंप बसवून उपसा चालायचा. ज्या जागेवर पंप होता तिचं भाडं होतं वर्षाला ५० पौंड. ते भरलं गेलं नाही, २०१८ मध्ये करार गेला, पंप थांबला, आणि बोगद्याचं ते टोक पाण्याखाली गेलं. पन्नास पौंड! त्यानंतरच्या तातडीच्या कामांवर सरकारचे लाखो पौंड गेले. हे सगळं लोकांसमोर आलं ते सोसायटीने चिकाटीने कागद मागवले म्हणून.

तेव्हा अहवाल हातात आला की आधी पाणी शोधा. कुठून येतं, किती येतं, कुठे जायला पाहिजे, ते तोंड कोणी बंद केलं. पाणी वाहून गेलं तर शंभर-दीडशे वर्षांची वीट बरीच तग धरते, पाणी साठलं की तीच वीट फुगते, थंडीत फुटते. मग शाफ्ट बघा, जिथे शाफ्ट आणि बोगदा मिळतात तिथे अस्तर कमजोर असायची शक्यता जास्त. आणि मग खराब भाग नेमका किती मीटरचा आहे ते मोजा. "बोगदा धोकादायक आहे" हे वाक्य ऐकलं की लगेच विचारायचं, कुठून कुठपर्यंत? अडीच किलोमीटरमधले शंभर मीटर खराब असणं आणि सगळा बोगदा खराब असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऱ्होंडाची २०१८ मध्ये आत उतरून तपासणी झाली तेव्हा बराचसा भाग चांगल्या अवस्थेत सापडला, आणि तो ३,१४८ मीटरचा बोगदा ६० च्या दशकाच्या शेवटापासून बंद आहे.

खर्चाच्या आकड्याला घाबरू नका, उलगडा

क्वीन्सबरीच्या दुरुस्तीचा अधिकृत अंदाज एकेकाळी सुमारे ३ कोटी ५४ लाख पौंड निघाला होता. सोसायटीच्या बाजूच्या बोगदा-इंजिनियर मंडळींनी तेच काम ३० लाखांच्या आत बसवून दाखवलं. एकाच बोगद्याचे दोन आकडे, मध्ये दहा पटीहून जास्त फरक. एवढा फरक पडतो तो मुख्यतः पद्धत आणि गृहीतकं वेगळी धरल्यामुळे. पूर्ण लांबीला नवीन अस्तर धरलं की आकडा आभाळाला टेकतो, फक्त खराब पट्ट्यांत कमानी आणि बाकी ठिकाणी विटांची डागडुजी धरली की खाली येतो. वर अनपेक्षित खर्चासाठी म्हणून किती टक्के वाढवून धरले, तीस की शंभर, तेही बघा.

यासाठी तुम्हाला खाण किंवा बोगदा कामाचा अनुभव असलेला एक माणूस हवाच. यॉर्कशायर आणि वेल्समध्ये निवृत्त खाण इंजिनियर अजून आहेत, आणि मनापासून मदत करतात, फक्त त्यांना "सपोर्ट करा" म्हणू नका, अहवाल हातात द्या आणि पान नंबर सांगून प्रश्न विचारा. आणि प्रत्येक तुलनेत एक रकाना न विसरता टाका: काहीच केलं नाही तर किंवा बुजवला तर किती खर्च येईल. बुजवणं फुकट नसतं. हा रकाना टाकला की "करदात्यांचे पैसे" हा मुद्दा तुमच्या बाजूने फिरतो.

ग्रुप उभा करा

सुरुवातीला पाच-सहा जण पुरतात. एक लिहिणारा, एक आकड्यांचा, एक इतिहासाचा वेडा (प्रत्येक गावात असतो), एक फोटो-व्हिडिओवाला, आणि एक जो रागावत नाही, अधिकाऱ्यांशी तोच बोलेल. साधी घटना लिहून बँक अकाउंट उघडा. वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांच्या वर गेलं की इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी म्हणून रजिस्टर व्हावं लागतं, पण सीआयओ प्रकारची संस्था (स्वतःची कायदेशीर ओळख असलेली चॅरिटी) काढायची तर उत्पन्न कमी असलं तरी करता येते आणि पदाधिकाऱ्यांवर सहसा वैयक्तिक बोजा येत नाही, मी तर तेच सुचवेन. बाहेर कार्यक्रम करणार असाल तर पब्लिक लायबिलिटी विमा काढा.

फक्त सायकलवाल्यांचा क्लब करू नका, ही कळकळीची विनंती. घोडेवाले, व्हीलचेअर वापरणारे, बाबागाडीवाले, पळणारे, शाळा, सगळे घ्या. डोंगराळ भागात व्हीलचेअरवरून दुसऱ्या खोऱ्यात आपलं आपण जाता येईल असा रस्ता जवळपास नसतोच, बोगदा तो देतो, आणि माझ्या मते याच्याएवढा भक्कम मुद्दा दुसरा नाही. आपल्या देशी कुटुंबांनाही बोलवा, ब्रॅडफर्डसारख्या शहरात गुजराती-पंजाबी-मिरपुरी मुलं शिकायला सुरक्षित रस्ता नाही म्हणून सायकलच घेत नाहीत, त्यांच्या आयांनी सभेत दोन वाक्यं बोलली तर नगरसेवक कान टवकारतात.

नुसता बोगदा नको, रस्ता दाखवा

कौन्सिलला विचारलंत "बोगदा उघडा", तर त्यांना कटकट दिसते. विचारलंत "हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड आणि कीथली सपाट रस्त्याने जोडा", तर त्यांना वाहतुकीचा प्रकल्प दिसतो. क्वीन्सबरीच्या उत्तरेला ग्रेट नॉर्दर्न रेल्वे ट्रेलचे तुकडे आधीच झालेत, १७ कमानींच्या ह्यूएंडन व्हायाडक्टवरून आणि २० कमानींच्या थॉर्नटन व्हायाडक्टवरून सायकल जाते. म्हणजे हार तयार आहे, मधला मणी फक्त राहिलाय. तुमच्या नकाशावरही असंच दाखवा, काय आहे, काय राहिलंय, कुठली स्टेशनं-शाळा-ऑफिसं जवळ येतात, किती मिनिटं वाचतात.

मग हा रस्ता कागदात घुसवा. कौन्सिलच्या लोकल प्लॅनमध्ये (कुठली जमीन कशाला वापरायची त्याचा आराखडा) ती लाईन "राखीव" म्हणून दाखवून घ्या, आणि स्थानिक सायकल-पादचारी आराखड्यात, ज्याला सगळे एलसीविप म्हणतात, नाव आणा. या आराखड्यात नसलेल्या कामाला पैसे मिळणं फार अवघड. प्लॅनवर सूचना मागवायची मुदत असते, ती चुकवू नका, चुकली तर पुढची संधी काही वर्षांनी.

हरकती: सह्या कमी, पत्रं जास्त

बुजवण्यासाठी प्लॅनिंगचा अर्ज आला की खरी कसोटी. क्वीन्सबरीचा अर्ज २०१९ मध्ये ब्रॅडफर्ड कौन्सिलकडे आला आणि त्यावर ७,००० हून जास्त हरकती गेल्या. हा आकडा आपोआप झाला नाही, लोकांना कसं लिहायचं ते शिकवावं लागतं.

पिटिशनवर हजार सह्या असल्या तरी प्लॅनिंगमध्ये ती साधारण एकच नोंद धरतात, स्वतंत्र पत्र मात्र प्रत्येक वेगळं मोजलं जातं. (संसदेच्या साइटवरची पिटिशन वेगळी, तिथे १०,००० ला सरकारचं उत्तर येतं आणि १ लाखाला चर्चेसाठी विचार होतो, ती प्रसिद्धीसाठी चांगली.) एकच मसुदा सगळ्यांना कॉपी-पेस्ट करायला देऊ नका. त्याऐवजी मुद्द्यांची यादी द्या आणि सांगा, यातले तुम्हाला लागू होणारे दोन घ्या आणि स्वतःच्या भाषेत लिहा. मुद्दा प्लॅनिंगच्या चौकटीत बसणारा हवा. "हा आपला वारसा आहे, लाज वाटली पाहिजे" या पत्राला वजन नाही. "लोकल प्लॅनमध्ये ही लाईन राखीव आहे, बुजवल्यास ती कायमची जाईल, मी रोज या रस्त्याने कामाला जाते, दुसरा मार्ग ए-६४७ आहे आणि त्यावर सायकलसाठी वेगळी जागा नाही, शिवाय पाण्याचा निचरा बदलल्यावर खालच्या घरांचं काय होईल याचा अभ्यास अर्जात नाही" या पत्राला आहे.

लायब्ररीत एक शनिवार लॅपटॉप घेऊन बसा आणि वयस्कर लोकांना हरकत टाईप करून द्या, शब्द त्यांचे, बोटं तुमची. त्यांच्यातले काहीजण त्या गाडीत बसलेले असतात, त्यांच्या पत्रात जे येतं ते तुम्हा-आम्हाला सुचणार नाही. वारशाचा मुद्दा सोडू नका, फक्त नीट मांडा. क्वीन्सबरी खणताना किमान दहा मजूर गेले. ती माणसं कोण होती हे चर्चचं पॅरिश रजिस्टर आणि जुन्या वर्तमानपत्रांतून शोधून काढलंत तर स्थानिक पेपर आपणहून छापतात. आपण मराठी माणसांनी बोरघाटाचे बोगदे गाडीतून कायम बघितलेत, ते १८६३ चे, मोन्सालची लाईनही त्याच वर्षीची, दोन्हीकडे माणसांनी हाताने आणि सुरुंगाने डोंगर फोडला, त्यामुळे मला तरी हा विषय परका वाटत नाही.

वटवाघळं

असणारच, आणि कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना शत्रू समजू नका. स्थानिक बॅट ग्रुपला पहिल्या वर्षीच बोलवा, कारण थंडीतली आणि उन्हाळ्यातली पाहणी वेगवेगळी करावी लागते आणि एक हंगाम चुकला की वर्ष जातं. दिवे मंद, खाली वळवलेले, रात्री बंद, असं डिझाईन बहुतेक वेळा चालून जातं.

"रात्री तिथे काय होईल?" या प्रश्नाची तयारी

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि तो खरा आहे. बाई म्हणून मलाही दोन किलोमीटरच्या बंद नळीत एकटीने शिरायचं तर आत काय आहे ते माहीत हवं. नुसतं "काही होत नाही हो" म्हणू नका, उत्तरं घेऊन जा: उघडण्या-मिटण्याच्या वेळा, सलग दिवे, ठराविक अंतरावर मदतीचा फोन, कॅमेरे, ॲम्ब्युलन्स आत जाईल एवढी रुंदी, फायर ब्रिगेडचं आधीच घेतलेलं मत.

आणि शंका घेणाऱ्यांना बाथला घेऊन जा. तिथल्या टू टनेल्सपैकी कूम डाऊन बोगदा १,६७२ मीटरचा, एकेरी लाईनचा अरुंद, एकही हवेचा शाफ्ट नाही. १९२९ मध्ये हळू चढणाऱ्या मालगाडीचे ड्रायव्हर आणि फायरमन आत धुराने बेशुद्ध पडले, गाडी उतारावर सुसाट सुटून बाथच्या यार्डात आदळली आणि तिघे गेले. तोच बोगदा ६ एप्रिल २०१३ ला सायकलसाठी उघडला. आज भर उन्हाळ्यात तोंडाशी पोचलं की थंड हवा अंगावर येते, आत दिव्यांची ओळ, गुळगुळीत डांबर, एका भागात भिंतींतून संगीत वाजतं, आणि समोरून सायकल चालवणारी चिमुरडी मुलं आवाज घुमवत येतात. ज्या नगरसेवकाने हे एकदा बघितलं त्याला पुढे फार समजवावं लागत नाही. मोन्साल ट्रेलचे बोगदे २०११ मध्ये उघडले, तेही दाखवण्यासारखे, पण ते तीनशे ते पाचशे मीटरच्या आतले, त्यामुळे लांब बोगद्यासाठी बाथचंच उदाहरण द्या.

पैसा, आणि त्याहून अवघड म्हणजे मालकी

बाथच्या कामाला मोठा हातभार लागला तो सस्ट्रान्स या सायकल-पादचारी मार्गांच्या चॅरिटीच्या कनेक्ट-टू योजनेतून, तिला २००७ मध्ये टीव्हीवरच्या जनतेच्या मतदानात लॉटरीचे ५ कोटी पौंड मिळाले होते. अशी लॉटरी रोज लागत नाही. आता इंग्लंडमध्ये ॲक्टिव्ह ट्रॅव्हल इंग्लंड (चालणं-सायकलसाठीची सरकारी संस्था), मेयरच्या कंबाइंड ऑथॉरिटीचा वाहतूक निधी आणि नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड असे तीन-चार दरवाजे आहेत. एकाकडून सगळं मिळत नाही, तुकड्यांनी मागा: आधी अभ्यासाला, मग पाण्याचा निचरा आणि तातडीच्या डागडुजीला, मग ट्रॅकला.

खरं घोडं पेंड खातं ते मालकीपाशी. ऱ्होंडा टनेल सोसायटी २०१४ मध्ये सुरू झाली, लोकांचा प्रचंड पाठिंबा, तरी बोगदा वेल्समध्ये आणि मालकी लंडनच्या खात्याकडे, तो वेल्सकडे घ्यायचा म्हणजे जबाबदारीही घ्यायची, यावर गाडी किती वर्षं अडली. कौन्सिलचा वकील पहिल्याच बैठकीत विचारणार, चाळीस वर्षांनी वीट पडली तर बिल कोणाचं? उत्तर तयार ठेवा. मालकी सरकारी खात्याकडेच राहू दे आणि कौन्सिलने फक्त ट्रॅकचा भाडेपट्टा घ्यावा, हा एक मार्ग. दुसरा, मालकी हस्तांतरित करताना बुजवण्यासाठी राखलेली रक्कम देखभाल निधी म्हणून सोबत मागायची. कोणताही निवडा, पण लेखी प्रस्ताव तुम्ही घेऊन जा, त्यांनी सुचवायची वाट बघू नका.

उघडल्यावर

काम तिथे थांबत नाही. गटारं वर्षातून निदान दोनदा साफ व्हायला हवीत, पानगळीनंतर तर नक्कीच, नाहीतर पाणी पुन्हा आत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्नोक्वाल्मीचा ३.६ किलोमीटरचा बोगदा बर्फाच्या सुळ्यांमुळे हिवाळाभर बंदच ठेवतात आणि लोकांना ते आधीपासून माहीत असतं, तसं तुमच्याकडे कधी बंद ठेवायचं ते पहिल्या दिवसापासून पाटीवर लिहा. कौन्सिलशी करार करताना स्वयंसेवकांनी काय करायचं (कचरा, झुडपं, पाट्या, दिवा गेला तर कळवणं) आणि काय अजिबात करायचं नाही (वीट, शाफ्ट, पंप) याची यादी करारातच जोडा, आणि तुम्ही मागवलेले सगळे कागद स्कॅन करून एक प्रत तिथल्या काउंटी अर्काइव्हमध्ये जमा करा.